ॲप्रनला भोकं पाडली कुणी?

प्रयोगशाळेचा तास संपला तेव्हा ॲप्रन स्वच्छ होता. कुठे डाग नाही की ओल नाही. घरी आणून धुतला, वाळत घातला, आणि बघतो तर पोटापाशी मसुराएवढी चार-पाच भोकं! उंदराने कुरतडलं म्हणावं, तर ॲप्रन होता दोरीवर. मग पाडली कुणी ही भोकं?

विरल सल्फ्युरिक आम्लाच्या थेंबांनी. परीक्षानळीत ओतताना ते उडाले, दिसायला अगदी पाण्यासारखे, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाहीत. खरी गंमत पुढेच आहे. कापड वाळतं तेव्हा थेंबातलं पाणी उडून जातं, पण सल्फ्युरिक आम्ल मागेच राहतं. ते उकळायलाच ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, मग ते वाऱ्यावर कसलं वाळतंय! म्हणजे पडताना विरल असलेलं आम्ल कापडावर बसल्या बसल्या तीव्र होत जातं. आता सुती धागा कशाचा बनलेला असतो? सेल्युलोजचा. ग्लुकोजच्या हजारो रेणूंची ही लांबलचक साखळी. आम्ल तिच्या कड्या एकेक करून तोडतं. वरून बघाल तर धागा जागच्या जागी असतो, पण त्यात ताकद उरलेली नसते. धुताना जरा चोळलं की तेवढा भाग गळून जातो.

हे सगळं तुमच्या पोटावर न होता ॲप्रनवर झालं, यासाठीच तर तो घालायचा! आणि बटणं लावूनच घालायचा. पुढून उघडा ठेवलेला ॲप्रन नेमकी तीच जागा मोकळी सोडतो जिथे थेंब उडतात.

लोकरीचं मात्र सगळं उलटं असतं. मेंढीच्या लोकरीत काटेकुसळं आणि गवताच्या काड्या अडकलेल्या असतात. त्या काढायला कारखान्यात लोकर चक्क विरल सल्फ्युरिक आम्लात भिजवून तापवतात. काड्या सेल्युलोजच्या, त्या काळ्या ठिसूळ होऊन भुगा होतात. लोकर प्रथिनांची, ती टिकते. पण तीच लोकर कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात टाकली तर विरघळून जाते! तुमची त्वचाही प्रथिनांचीच आहे, आणि डोळ्याचा नाजूक पडदाही. म्हणून ‘आम्ल नाही ना, मग घाबरायचं काय’ असं म्हणून सुरक्षा चष्मा कपाळावर सरकवू नका. डोळ्यात अल्कली गेली तर ती आम्लापेक्षाही खोल शिरू शकते.

आता आगीकडे वळू. स्पिरिटच्या दिव्याची ज्योत फिकट निळसर असते, खिडकीतून लख्ख ऊन आलं की ती नीट दिसतही नाही. पलीकडची बाटली घ्यायला हात लांबवला की सैल बाही ज्योतीवरून जाते. ओढणीचं टोक आणि सुटी वेणीही तशीच. म्हणून ओढणी ॲप्रनच्या आत, केस बांधलेले आणि बाही मनगटाशी बंद.

सुती कापड जळतं, पण वितळत नाही. पॉलिएस्टर साधारण २६० अंशांना वितळतं आणि तो गरम चिकट रस कातडीला चिकटून बसतो. बऱ्याच गणवेशांचं कापड असतं टेरिकॉट, म्हणजे दोन्हींचं मिश्रण. तुम्हाला वाटेल, निम्मा धोका कमी झाला. तसं होत नाही. सुती धागे समईच्या वातीसारखे उभे राहतात, वितळलेलं पॉलिएस्टर तेलासारखं त्यांना धरून राहतं आणि जळत राहतं. त्यामुळे ॲप्रन विकत घेताना पूर्ण सुतीच मागा. आम्लाने त्याला भोकं पडली तर पडू देत, ॲप्रन नवा आणता येतो.

पायांत बंद बूट हवेत हे वेगळं सांगायला नको. ओट्यावरून निसटलेली परीक्षानळी सरळ पायावरच येते.

आणि थंडीत सकाळच्या शाळेला आपण जो ‘लोकरीचा’ स्वेटर घालून जातो, तो पुष्कळदा लोकरीचा नसतोच. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ज्योत दूर केली की बहुधा विझतेही. ॲक्रिलिक मात्र भराभर पेटतं, वितळतं आणि अंगाला चिकटतं. आज घरी गेलात की स्वेटरच्या आतली पट्टी वाचा. तिच्यावर ‘ॲक्रिलिक’ लिहिलेलं असलं, तर दिवे पेटायच्या आधी तो स्वेटर काढून वर्गातच ठेवून जा.