खामगाव रोडवर जळणारी काजळी

शेगावची कचोरी तळताना तेल साधारण दीडशे ते पावणेदोनशे अंशांवर असतं. त्या कढईसमोरून एखादी डिझेल गाडी जाते, तेव्हा तिच्या पोटाखालच्या एका डब्यात कधीकधी सहाशे अंशांची आच पेटलेली असते. वर भाविक गप्पा मारत बसलेले, खाली काजळी जळतेय, आणि गाडीतल्या कुणाला पत्ताही नाही!

या डब्याला डीपीएफ म्हणतात, म्हणजे डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर. १ एप्रिल २०२० ला देशभर बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा निकष लागू झाला आणि तो आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत सर्रास आला. नवा नियमच तसा कडक: कारने किलोमीटरमागे जास्तीत जास्त साडेचार मिलिग्रॅम कण सोडायचे. सोबत डिझेलमधलं गंधकही ५० पीपीएमवरून १० वर आलं.

आता डब्याच्या आत डोकावू. सिरॅमिकच्या बारीक चौकोनी नळ्या, शेकड्यांनी. एकीचं तोंड उघडं आणि शेपूट बंद, शेजारणीचं बरोबर उलटं. आत शिरलेल्या धुराला भिंतीतून झिरपल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. गंमत अशी की भिंतीची छिद्रं साधारण १० ते २० मायक्रॉनची, आणि काजळीचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान. मग ते अडकतात कसे? इतके हलके कण सरळ रेषेत जातच नाहीत. ते थरथरत, भरकटत जातात आणि भिंतीला चिकटतात. चिकटलेल्या काजळीचा थर पुढच्या कणांना अडवतो. म्हणूनच कोऱ्या फिल्टरपेक्षा थोडा मळलेला फिल्टर हवा जास्त चांगली गाळतो!

पण थर जाड झाला की इंजिनाचा श्वास कोंडतो. तो जाळायच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली गुपचूप चालते. गाडी हायवेला लागली की धूर अडीचशे-तीनशे अंशांच्या वर तापतो. फिल्टरच्या आधी बसवलेल्या कॅटॅलिस्टमधलं प्लॅटिनम धुरातून नायट्रोजन डायऑक्साइड तयार करतं आणि तो वायू काजळी हळूहळू खातो. ना दिवा लागत, ना आवाज येत.

दुसरी तऱ्हा मुद्दाम घडवून आणलेली. फिल्टरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक सेन्सर मोजतो. काजळी फार साठली असं दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर सिलिंडरमधला भडका होऊन गेल्यावर डिझेलची जादा फवारणी करतो. हे डिझेल पिस्टन ढकलायला नसतंच. ते कॅटॅलिस्टमध्ये जाऊन जळतं आणि फिल्टर सहाशे अंशांपर्यंत तापवतं. काही शे किलोमीटरमागे एकदा, साधारण १५ ते २० मिनिटं हा कार्यक्रम चालतो.

ओळखायचं कसं? उभ्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा चढलेला असतो, ॲव्हरेज अचानक पडतं, तापल्याचा वास येतो. भक्तनिवासाच्या पार्किंगमध्ये चावी काढली तरी बॉनेटखाली पंखा घरघरत राहतो. लोक घाबरून मेस्त्रीला फोन लावतात. बहुतेक वेळा गाडी ठणठणीत असते, फक्त तिचं काम अर्धवट तुटलेलं असतं.

आणि ते तुटायला शेगावसारखी जागा नाही. स्टेशन ते मंदिर हाकेचं अंतर. गुरुवार, एकादशी, प्रकटदिन, ऋषिपंचमी, गर्दीत पहिला-दुसरा गिअर सोडवत नाही. दिवसभर अशा फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं इंजिन नीट तापतच नाही. पण औषधही जवळच आहे. खामगाव सोळा-सतरा किलोमीटर. तिथे राष्ट्रीय महामार्ग ५३ गाठायचा आणि नांदुरा-मलकापूरकडे एका लयीत गाडी सोडायची. फिल्टरचा पिवळा दिवा लागला असेल, तर अशा रस्त्यावर वीसेक मिनिटं न थांबता चाला. कचोरी नंतर खा.

काजळीचं हे जळण वारंवार अर्धवट थांबवलं तर जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय.

एक सावधगिरी खास आपल्या वऱ्हाडासाठी. हे जळण चालू असताना किंवा नुकतं संपल्यावर गाडीची खालची बाजू भयंकर तापलेली असते. सोयाबीनचं कुटार, वाळलेलं गवत, पऱ्हाटीचा ढीग, यांवर गाडी उभी करू नका. आग लागायला वेळ लागत नाही.

काहीजण हा डबा कापून टाकतात, कटकट नको म्हणून. हे बेकायदा तर आहेच, पण मला राग येतो तो वेगळ्याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. शेगावच्या रस्त्यांवर गाड्यांइतकेच पायी चालणारे असतात. टाळ घेतलेल्या माणसाचा श्वास आणि गाडीचा सायलेन्सर यांच्यात दोन-तीन हातांचं अंतर. तो काळा लोट थेट त्याच्या छातीत जातो.

या फिल्टरचा इतिहास बीएस-६ पेक्षा बराच जुना आहे. मर्सिडीझने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा सापळा लावला होता. काजळी कमी तापमानाला पेटावी म्हणून डिझेलमध्ये सेरियमचं मिश्रण टाकणारी प्यूजो ६०७ आली २००० मध्ये.

काजळी जळते, राख मात्र जळत नाही. ती येते इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम, झिंकसारख्या घटकांतून आणि वर्षानुवर्षं डब्यात साठत राहते. म्हणून बीएस-६ डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइलच घालायचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं. शेवटी डबा राखेनेच भरला की कितीही लांबचा हायवे उपयोगाचा नाही. तेव्हा तो खोलून मशीनवर साफ करावा लागतो, नाहीतर बदलावा लागतो.