दुसरी पुडी

सातपुड्यात मार्च-एप्रिलमध्ये उजाडायच्या आत बायामाणसं टोपल्या घेऊन मोहाखाली फुलं वेचायला जातात. त्याच फुलांची दारू. तिची धार आधी जमिनीवर सोडायची, देवाच्या आणि पूर्वजांच्या नावानं, मग प्यायची, ही इथली रीत. मोहाचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. दारूपायी मोडलेले संसार धडगाव-अक्कलकुव्यातही आहेत. पण ती किती चढते आणि कुठे थांबायचं, हे घरातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असतं. एमडीच्या बाबतीत असा म्हातारा कुणाच्याच घरात नाही.

एमडी म्हणजे मेफेड्रोन, उर्फ 'म्याऊ म्याऊ'. पांढरट भुकटी, निव्वळ रसायन. पहिल्यांदा ते 1929 मध्ये तयार झालं आणि पुढे कित्येक दशकं विसरलं गेलं. 2000 नंतर युरोपातल्या क्लबांत पोचलं. ब्रिटनमध्ये तर 'झाडांचं खत' म्हणून राजरोस विकलं जात होतं. तिथे 2010 मध्ये बंदी आली. आपल्याकडे एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत यायला फेब्रुवारी 2015 उजाडलं. हा माल परदेशातूनच येतो, हा समजही आता सोडलेला बरा. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात त्याचा कारखाना सापडला, पुढच्या फेब्रुवारीत दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत. आणि सातपुड्यातली पोरं शिकायला नाशिक-पुण्यालाच जातात.

नाकानं ओढलं की काही मिनिटांत मेंदूतलं डोपामिन आणि सेरोटोनिन भसाभस बाहेर पडतं. तरतरी येते, भीड चेपते, अनोळखी माणूसही जिवाभावाचा वाटू लागतो. दोन-तीन तासांत सगळं ओसरतं, आणि खरी मेख इथे आहे. उतरताना मन असं खचतं की हात दुसऱ्या पुडीकडे जातो, मग तिसऱ्या. शरीर मात्र पहिल्या पुडीचाच हिशेब अजून चुकवत असतं: काळीज धडधडतं, रक्तदाब चढतो, अंग तापतं, दातावर दात घासले जातात, नाकातून रक्त येतं. दोन-तीन रात्री झोपेविना गेल्या की संशय आणि भास सुरू होतात. आई दार वाजवते, तर पोराला वाटतं पोलीस आले. त्यात दारूची भर पडली तर हृदयावर दुहेरी ताण. शिवाय पुडीत एमडीच आहे की आणखी काही, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

अंग भाजल्यासारखं तापलं, झटके आले, छातीत दुखू लागलं, तर लिंबू-ताक पाजत बसू नका. 108 ला फोन करा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. व्यसन सोडायचं असेल तर 14446 ही मोफत हेल्पलाइन आहे. थोड्या प्रमाणात बाळगल्याबद्दल पकडला गेलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर एनडीपीएस कायद्याचं कलम 64 अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. पोलिसांच्या भीतीनं पोराला घरात कोंडून ठेवणाऱ्या आईबापांपर्यंत हे कलम पोचवा.