लहान गावाचे रेडिओ केंद्र : परवाना कसा मिळतो?

रेडिओ म्हटला की आपणांस आकाशवाणी आठवते. आजच्या विद्यार्थ्यांना शहरातील खाजगी एफ.एम. वाहिन्याही ठाऊक आहेत. या दोहोंखेरीज रेडिओचा एक तिसरा प्रकार आपल्या देशात रीतसर अस्तित्वात आहे, पण त्याची माहिती फार थोड्यांना असते. तो म्हणजे सामुदायिक रेडिओ. एखाद्या लहान गावातील व आसपासच्या खेड्यांतील लोकांनी, आपल्या बोलीत, आपल्यासाठी, नफ्याचा हेतू न ठेवता चालविलेले केंद्र. असे केंद्र काढावयास पैसा किती लागेल, असा प्रश्न प्रथम विचारला जातो. वास्तविक यंत्रसामग्री हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड आहे तो परवाना. आणि परवाना देणारे सरकार यंत्राविषयी जितके विचारते, त्याहून अधिक हे विचारते की अर्ज करणारी संस्था कोण, ती कोणाची आणि तिने आजवर केले काय. दूरच्या, आडवळणाच्या गावातील कार्यकर्त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे, म्हणून हा लेख.

परवाना का लागतो, हे आधी पाहू. १८८५ च्या तार कायद्याने बिनतारी प्रक्षेपणाचा अधिकार सरकारने आपल्या हाती ठेवला होता. स्वातंत्र्यानंतरही तो तसाच राहिला. त्याला पहिला मोठा धक्का बसला तो क्रिकेटमुळे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. १९९३ सालच्या हीरो चषक सामन्यांचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद झाला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की, ध्वनिलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना धनिकांची. ज्यांनी हा निकाल लिहिला त्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचे सुपुत्र होते.

निकाल लागला, पण दार लगेच उघडले नाही. २००२ च्या डिसेंबरात सरकारने प्रथम केवळ नामांकित शिक्षणसंस्थांना परवानगी देण्याचे ठरविले आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. विद्यापीठाच्या आवारातले केंद्र चांगलेच; परंतु शेतमजुराच्या वस्तीतले ते केंद्र नव्हे. सामान्य लोकांच्या संस्थांना हा अधिकार मिळण्यास नोव्हेंबर २००६ उजाडावे लागले.

या अकरा वर्षांच्या काळात काय घडत होते, हे पाहावयाचे तर जहीराबादजवळच्या माचनूर या खेड्यात गेले पाहिजे. मुंबई-हैदराबाद महामार्गालगतचा हा कोरडवाहू मुलूख त्या वेळी आंध्र प्रदेशच्या मेदक जिल्ह्यात होता. आज तो तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात मोडतो. येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेने १९८० च्या दशकापासून खेडोपाडी दलित स्त्रियांचे संघम् उभे केले होते. पडीक जमीन कसणे, ज्वारी-बाजरी-नाचणीचे बियाणे जपणे, धान्याची सामायिक कोठारे चालविणे हे त्यांचे काम. या बायकांनी आपला रेडिओ हवा असे म्हटले. बाहेरच्या रेडिओवर शेतीची माहिती येते ती मोठ्या शेतकऱ्याची आणि खताच्या पोत्याची; आमच्या एक-दोन एकरांची नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ते चुकीचे होते असे कोण म्हणेल? युनेस्कोच्या साहाय्याने ध्वनिमुद्रणाची व्यवस्था झाली. जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोन तरुण स्त्रियांनी काम हाती घेतले. कार्यक्रम तयार होऊ लागले, पण हवेत सोडण्याची परवानगी नव्हती.

तेव्हा त्यांनी काय केले? कॅसेटी भरल्या आणि संघम् च्या बैठकांतून टेपरेकॉर्डरवर वाजविल्या. बियाण्यांची माहिती, औषधी वनस्पती, सणाची आणि पेरणीची गाणी, बायकांची आपापसांतील चर्चा असे सारे काही स्थानिक तेलुगू बोलीत. असे एक-दोन नव्हे, अनेक वर्षे चालले. जुलै २००० मध्ये जवळच्याच पस्तापूर येथे परिषद भरली आणि तेथून सामुदायिक रेडिओसाठी धोरण आखावे अशी मागणी सरकारकडे करण्यात आली. अखेर नवे धोरण आल्यावर परवाना मिळाला व १५ ऑक्टोबर २००८ रोजी 'संघम् रेडिओ' ९०.४ मेगाहर्ट्झवर सुरू झाला. उद्घाटनाला आले होते न्यायमूर्ती सावंत. ज्या निकालाने वाट मोकळी केली तो लिहिणारा हात आणि ज्यांनी तोवर कॅसेटी भरून वाट पाहिली त्या बाया, यांची अशी एकत्र भेट झाली. आमच्या मते त्या कॅसेटी हाच त्यांचा खरा अर्ज होता. कागद मागून आला. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, म्हसवडसारख्या दुष्काळी गावी 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली, हेही मराठी वाचकाने लक्षात ठेवावे.

आता प्रत्यक्ष नियमांकडे वळू. अर्ज व्यक्तीला करता येत नाही. राजकीय पक्ष, त्यांच्या विद्यार्थी, महिला वा कामगार शाखा आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था यांनाही येत नाही. नोंदणीकृत, ना-नफा संस्था हवी, तिची नोंदणी होऊन निदान तीन वर्षे झालेली हवीत आणि तेवढाच काळ तिने त्या परिसरात सेवा केल्याचे दाखविता आले पाहिजे. केंद्राच्या व्यवस्थापनात ज्या लोकांसाठी केंद्र आहे त्यांचे प्रतिनिधी हवेत. एकाच ठिकाणच्या एकाच लहरीसाठी अनेक अर्ज आले तर समाजातील स्थान, सेवेची वर्षे व साधने पाहून निवड होते. येथे आमचा अनुभव सांगतो. आपल्याकडील अनेक मंडळे काम भरपूर करतात, पण कागद ठेवत नाहीत. धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांच्या बदलाचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून असतात, हिशेबाचे लेखापरीक्षण मागे पडलेले असते, सभेचा वृत्तांत कोणाच्या तरी घरी पेटीत असतो. दिल्लीतील अधिकाऱ्याला आपले शिबिर दिसत नाही, आपला अहवाल दिसतो.

अर्ज जातो केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे, तोही आता संगणकावरून. छाननीनंतर तो इतर मंत्रालयांकडे फिरतो. सुरक्षेच्या दृष्टीने गृह आणि संरक्षण खात्यांची संमती लागते. संमती आल्यावर मिळते ते इरादापत्र. हा परवाना नव्हे! इरादापत्र हाती पडताच पेढे वाटण्याची घाई करू नये. त्यानंतर दूरसंचार विभागाच्या बिनतारी शाखेकडून लहर मागावी लागते. मनोऱ्याच्या जागेची मंजुरी घ्यावी लागते, कारण तो विमानांच्या मार्गात वा दुसऱ्या यंत्रणेच्या आड येता कामा नये. मग बँक हमी देऊन मंत्रालयाशी परवानगीचा करार होतो आणि प्रक्षेपणयंत्र चालविण्याचा स्वतंत्र बिनतारी परवाना घ्यावा लागतो. तो मिळाल्यावाचून यंत्र सुरू केल्यास तो गुन्हा होतो. कराराची मुदत पूर्वी पाच वर्षांची होती. २०२४ च्या सुधारित नियमांनी ती दहा वर्षांची झाली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. या केंद्राची प्रक्षेपणशक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत आणि मनोरा जमिनीपासून १५ ते ३० मीटर उंच असतो. एफ.एम. लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे शक्ती वाढविण्यापेक्षा उंची वाढविणे अधिक उपयोगी. टेकडीवरचे गाव असेल तर दूरवर ऐकू येईल; टेकडीपलीकडच्या वाडीत मात्र खरखरच ऐकू येण्याचा संभव. जागा निवडताना नकाशा पाहण्यापेक्षा गच्चीवर चढून कोणती गावे दिसतात ते पाहावे, हा साधा उपाय आहे. लहान गावाचा येथे एक फायदाही आहे. मोठ्या शहरांत लहरींची गर्दी असते, आडगावी ती नसते.

बोलावयाचे काय, यावरही बंधने आहेत. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागाने तेथेच तयार झाले पाहिजेत. राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम आणि स्वतःची वृत्तसेवा यांना मनाई आहे. आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे लावता येते. ग्रामसभेत काय झाले हे गावच्याच केंद्राने सांगू नये, हे आम्हांस पटत नाही आणि या बंदीविरुद्ध अनेकांनी आवाज उठविला आहे. तथापि नियम आहे तोवर पाळावा लागतो. अंधश्रद्धा पसरविणारे आणि स्त्रियांची अवहेलना करणारे कार्यक्रम वर्ज्य आहेत, ही तरतूद मात्र उत्तम आहे. बुवा-बाबांच्या ताईतांची जाहिरात कितीही पैसे देत असली तरी घेता येणार नाही. जाहिरातींना तासाला पूर्वी पाच मिनिटे होती, पुढे ती वाढत जाऊन २०२४ पासून बारा मिनिटे झाली. गावातील बियाण्यांचे दुकान, सायकलवाला, शिकवणी वर्ग यांच्याकडून मिळून मिळणार किती? विजेचे बिल आणि दोन मुलींचे मानधन निघाले तरी पुष्कळ. म्हणून अर्जापूर्वीच पहिल्या दोन वर्षांचा खर्च कोठून येईल याचा ठराव करून ठेवावा. आणि प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याची सक्ती असल्याने, ध्वनिफितींची नोंदवही पहिल्या दिवसापासून एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावी.