भाकरीचे बळ होते कुठे?

पहिल्या पाळीला वाळूजला जाणारा आपला कामगार पहाटे ज्वारीची भाकरी खाऊन निघतो आणि दुपारपर्यंत मशीनपाशी उभा राहतो. भाकरी पोटात गेली, मग हाताला बळ आले कुठून? घरातल्या मुलीने हे विचारले, तेव्हा 'अन्न पचले म्हणून' एवढेच आम्ही सांगू शकलो. ते उत्तर अर्धेच होते.

पचनात भाकरीतील पिष्टाचे ग्लुकोज होते आणि ते रक्तावाटे पेशींपर्यंत पोचते. खरे काम तिथे सुरू होते. पेशीत ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात. मग तंतुकणिका या सूक्ष्म भागात त्यांतील कार्बनचा कार्बन डायऑक्साइड बनतो. तो उच्छ्वासातून बाहेर पडतो. सुटलेले इलेक्ट्रॉन, बांधकामावर विटा हातोहात वर चढवाव्यात तसे, पुढे पुढे दिले जातात. शेवटी ते श्वासातल्या ऑक्सिजनला मिळतात व पाणी तयार होते. या देवघेवीतील ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंत साठते. एका ग्लुकोजच्या रेणूमागे असे सुमारे ३० ते ३२ रेणू मिळतात आणि त्यांवरच आपले स्नायू चालतात. उरलेल्या उष्णतेने अंग उबदार राहते. चुलीतल्या लाकडासारखे ग्लुकोज एकदम जळाले असते, तर पेशीच भाजून निघाली असती.

हातोहात देणाऱ्या या रांगेत सायटोक्रोम सी नावाचे लोहयुक्त प्रथिन असते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांनी त्यावर संशोधन केले. १९३३ साली त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागितला. मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. त्या हटल्या नाहीत. वर्षभर काम पाहून मगच प्रवेश पक्का, या अटीवर त्यांना घेतले गेले. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत बदलले.

पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी सायटोक्रोम सी वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे दाखवले. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

जाधववाडीच्या मंडईतला बटाटा, त्याची भाजी डब्यात नेणारा कामगार आणि संस्थेच्या दारात अडवलेली मुलगी, या सर्वांच्या पेशींत हीच रांग चालते. आमच्या मुलीला आम्ही आता उरलेले अर्धे उत्तर सांगितले आहे. तिचा पुढचा प्रश्न तयार आहे. तो अडवायचा नाही, एवढे आपल्या हातात आहे.