बहुकेंद्री कॅथलिक धर्म म्हणजे काय?

कॅथलिक धर्म रोममधून निघाला आणि युरोपीय मिशनऱ्यांनी तो जगभर पोहोचवला, अशी समजूत सर्रास आढळते. ती निराधार नाही, पण अपुरी आहे. अलीकडचे अनेक अभ्यासक या धर्माला 'बहुकेंद्री' (एकाहून अधिक ठिकाणी आकार घेणारा) म्हणतात. वारीत पंढरपूर एकच. पण आळंदी, देहू, पैठणच्या पालख्या आपापल्या गावाहून, आपापल्या रिवाजाने निघतात, तसेच हे.

कोरियाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. तिथल्या विद्वानांनी चीनमधून आलेले ख्रिस्ती ग्रंथ वाचून स्वतःच चर्चा सुरू केली. १७८४ मध्ये यी सुंग-हुन बीजिंगला बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षाविधी) घेऊन परतला आणि त्याने तो इतरांना दिला. त्यांनी आपसांतूनच धर्मगुरूही नेमले. पुढे असे नेमण्याचा आपल्याला अधिकार आहे का, अशी शंका आली, तेव्हा ते थांबले आणि बीजिंगच्या बिशपला पत्र लिहून विचारले. म्हणजे बहुकेंद्री असणे याचा अर्थ रोमशी नाते तोडणे नव्हे. बाहेरचा पहिला धर्मगुरू, तोही चिनी, १७८४ नंतर सुमारे दहा वर्षांनी आला.

त्यामुळे आता रोमच्या दप्तराबरोबर आफ्रिकेतील कोंगोच्या ख्रिस्ती राजांची पत्रे आणि गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचे १६१६ चे मराठी 'ख्रिस्तपुराण' हीदेखील या धर्माच्या इतिहासाची महत्त्वाची साधने ठरतात.