पिसू दिसत नाही, तरी खाज

घरातला कुत्रा मान मागे वळवतो आणि शेपटीच्या बुडाशी पुढच्या दातांनी कुरतडत बसतो, मक्याचं कणीस खावं तसा. तिथले केस झडलेले, कातडी लालबुंद. मालक सांगतो, ‘अंगभर शोधलं, पिसवा नाहीतच.’ तो खरंच सांगत असतो. आणि तरीही हे काम बहुधा पिसवेचंच असतं!

रक्त पिताना ते गोठू नये म्हणून पिसू जखमेत लाळ सोडते. त्या लाळेतली प्रथिनं काही कुत्र्यांच्या शरीराला सहन होत नाहीत. त्यांच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि कातडीतल्या मास्ट पेशींवर दबा धरून बसतात. पुढच्या चाव्याला या पेशी हिस्टामिन ओततात, काही मिनिटांत खाज सुटते. गोष्ट तिथे संपत नाही. एक-दोन दिवसांनी टी-पेशींची दुसरी लाट येते. चावणारी पिसू तोवर मेलेली असली, तरी कुत्रा खाजवतच राहतो.

पुष्कळदा तिला त्यानेच गिळलेलं असतं. चावून चाटून तो स्वतःच पुरावा नाहीसा करतो. पिसवेबरोबर पट्टकृमीची अळीही पोटात जाऊ शकते. मग कुत्र्याच्या विष्ठेत तांदळाएवढे पांढरे तुकडे दिसू लागतात. आणखी एक नवल: सतत पिसवा चावत असलेल्या कुत्र्यांपेक्षा अधूनमधून चावा बसणाऱ्यांत ही अ‍ॅलर्जी अधिक आढळते. स्वच्छ घरातल्या, जपलेल्या कुत्र्याचे हाल व्हावेत, हे मला फार लागतं.

पिसू सापडली नाही तरी तिची खूण सापडते. उवांच्या फणीने पाठीवरचे केस विंचरा आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. माती असेल तर काळीच राहील. कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच वाळलेलं रक्त.

या भुकटीचं खरं काम तर पुढे आहे. मादी ऐन भरात दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने केसांतून गळतात: गोधडीवर, सोफ्याखाली, फरशीच्या फटीत. आईची विष्ठाही तिथेच गळते आणि उजेड टाळणाऱ्या अळ्या त्या वाळक्या रक्तावर पोसतात. बाळांची शिदोरी आधीच पोचलेली! मग अळी कोश विणते आणि आतली पिसू वाट पाहते, वेळ पडली तर काही महिने. ऊब, हादरा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर उडी. मे महिनाभर गावाला जाऊन आलेल्या कुटुंबाला बंद घरात शिरताच पिसवा चावतात, त्या अशा.

कोशात औषध फारसं पोचत नाही, म्हणून एका गोळीने भागत नाही. डॉक्टर निदान तीन महिने उपचार चालू ठेवायला सांगतात, तेही घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर. मात्र कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजराचं यकृत ते वेळेत निकामी करू शकत नाही. झटके येऊन जीवही जातो.