जुन्या मोटारसायकलीवरील मूळ रंगलेप : रक्षण की पुनर्लेपन?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची मोटारसायकल हाती आली की तिच्या धन्याला पहिला विचार सुचतो तो रंगाचा. टाकी खरवडावी, पुट्टी भरावी व नवा रंग फवारून घ्यावा, असाच सल्ला बहुधा त्यास मिळतो. वस्तुतः इंजिनाचा झिजलेला भाग पुन्हा घडविता येतो. कारखान्यात चढलेला लेप एकदाच चढतो. त्याची जाडी, त्यातील रंगद्रव्य, टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेषेतील कुंचल्याचा किंचित कंप, ही सर्व त्या काळच्या उत्पादनपद्धतीची साधने होत. सबब लेप काढण्यापूर्वी तो कशाचा बनला आहे, हे जाणणे अगत्याचे ठरते.

या अभ्यासास भंडारा जिल्हा विशेष सोयीचा आहे. रंगलेपात रंगद्रव्याला धरून ठेवणारा बंधक हा मुख्य घटक. जुन्या तैलरंगांचा बंधक म्हणजे जवसाचे तेल, आणि जवस हे येथील धानाच्या बांधीत मागे राहिलेल्या ओलीवर घेतले जाणारे पीक. चपड्याच्या रोगणाचे मूळ असलेली लाख येथील पळस व कुसुम या वृक्षांवर होते. १९९९ पर्यंत याच जिल्ह्यात असलेल्या गोंदियास लाखेचे कारखाने होते. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीज निघते, आणि मँगनीजची लवणे तैलरंगात शोषक म्हणून घालीत.

शोषकाचे कार्य नीट समजून घेतले पाहिजे. पाणी वाळते तसे जवसाचे तेल वाळत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते, त्याचे रेणू परस्परांत गुंफले जातात व घट्ट पापुद्रा बनतो. मँगनीज ही क्रिया त्वरेने घडविते. परंतु पापुद्रा बनल्यावर ती क्रिया थांबत नाही, मंदगतीने चालूच राहते. ज्या क्रियेने रंग धरतो तिनेच तो कालांतराने ठिसूळ होऊन तडकतो. म्हणून वार्धक्याच्या बारीक तडा हा रंगाऱ्याचा दोष समजू नये.

मोटारींच्या रंगकामात १९२० नंतरच्या दशकात नायट्रोसेल्युलोजचे झटपट वाळणारे रोगण आले, व त्यामागून अल्किड राळेची एनॅमले आली. भारतात एन्फील्डचे उत्पादन मद्रासेस १९५५ मध्ये, जावाचे म्हैसूरला १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सुरू झाले. अशा वाहनांवर भट्टीत भाजलेले एनॅमल अपेक्षित असले, तरी मागाहून कोणी काय फवारले असेल याचा नेम नसतो. म्हणून बैठकीखाली किंवा टाकीच्या तळाशी, दृष्टीआड जागी, कापसाच्या बोळ्याने परीक्षा करावी. मद्यार्काने लेप चिकट झाला तर चपड्याची शंका घ्यावी. थिनरने चटकन विरघळला तर बहुधा नायट्रोसेल्युलोज. भाजलेले एनॅमल सहसा दाद देत नाही. ही परीक्षा केवळ दिशादर्शक आहे. खात्रीसाठी अवरक्त वर्णपटाचाच आधार घ्यावा लागतो.

येथील हवामान लेपास प्रतिकूल आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उन्हात उभ्या वाहनाची टाकी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. लगेच पावसाळा येतो व तडांतून ओल पत्र्यापर्यंत पोचते. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे लेप आतून उचलला जातो. पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुण्याची प्रचलित रीत अशा वेळी फार घातक. उचललेला पापुद्रा तीत वाहून जातो.

धूळ मऊ कुंचल्याने काढावी, मग सौम्य साबणाच्या ओलसर फडक्याने पुसून तत्काळ कोरडे करावे. पॉलिश पेपर वापरूच नये. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. कोरडे घासल्यास ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते. उघड्या गंजावर टॅनिक आम्ल लावल्यास निळसर-काळे, बरेच स्थिर असे लोहसंयुग बनते. हिरड्यात व बाभळीच्या सालीत टॅनिन असते खरे, परंतु काढ्यात इतरही द्रव्ये असल्याने प्रयोगशाळेतील शुद्ध टॅनिक आम्लच बरे. शेवटी सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात द्यावा. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांस वितळते व त्याआधीच मऊ होऊन धूळ धरते. येथील उन्हाळ्यात ते टिकावयाचे नाही.

भारत सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींस ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद मिळते. त्यांतील मौलिकतेचा रोख सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांवर आहे. रंगाचा निर्णय त्यामुळे व्यवहारतः मालकाच्या विवेकावरच राहतो. लेप बहुतांशी गेला असेल आणि पत्रा उघडा पडून सडत असेल, तर नवा रंग देण्यास प्रस्तुत लेखकाचा आक्षेप नाही. पत्राच राहिला नाही तर लेप कशावर राहणार? मात्र मधल्या काळात एखाद्या मालकाने हाताने दिलेला रंग हाही वाहनाच्या इतिहासाचा भाग होय, तो सरसकट 'नकली' म्हणून खरवडू नये. आणि संपूर्ण पुनर्लेपन करावयाचे ठरल्यास आधी सर्व थरांची छायाचित्रे घ्यावीत, व बैठकीखालील तळहाताएवढा भाग जसाच्या तसा ठेवून त्यावर केवळ मेण चढवावे.